टेस्टोस्टेरॉन कमी निघालं, उद्यापासून इंजेक्शन सांगितलंय. घेऊ का?

पांथस्थ, ३ जून, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच. मित्रांशी बोलवत नाही असा विषय आहे आणि घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नाही.

वय ३७. चाकणला कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत यंदा टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तेही होतं. माझं २३१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. रात्रपाळी करून आलो होतो, जेवून झोपलो आणि दुपारी अडीचला रक्त दिलं. गेलं दीड वर्ष सतत थकवा आहे, इच्छा जवळजवळ नाहीच. पूर्वी रोज दाढी करावी लागायची, आता चार दिवसांनी केली तरी चालते. डोकं अधूनमधून जड होतं, ते मी पाळ्यांच्या माथी मारत आलो. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आता प्रयत्न करतोय.

घराजवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली. दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, अशी सहा. मूल हवंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. औषध आणून ठेवलंय. ॲम्प्युल उजेडात धरून पाहिली. आत पिवळसर तेल आहे, तिरकी केली की सावकाश सरकतं. सकाळी टोचून घ्यायचंय. बायको म्हणतेय, थांब, आधी कुणालातरी विचार.

अबोली, ३ जून, रात्री ११:५८

टोचून घेऊ नका. आत्ता एवढंच लिहिते, सविस्तर सकाळी. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन अजिबात नको.

तालीम, ४ जून, सकाळी ६:१०

अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन. मी कोल्हापूरचा, अंगमेहनतीची आवड लहानपणापासून. चोविसाव्या वर्षी जिममधल्या एकाच्या सांगण्यावरून हेच इंजेक्शन सुरू केलं, कसलीही तपासणी न करता. दंड भरले. बंद केल्यावर आठ-नऊ महिने अंथरुणातून उठवत नव्हतं, अंडकोष बारीक झाले होते, ते बघून घाबरून डॉक्टरांकडे गेलो. पूर्ववत व्हायला सव्वा वर्ष लागलं. आता तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराला हे मी स्वतः बसवून सांगतो.

अबोली, ४ जून, सकाळी १०:२५

लिहायला बसले आणि तीनदा खोडलं. पण लिहायलाच हवं.

यांना ३४ व्या वर्षी थकवा यायला लागला. एका क्लिनिकमध्ये टेस्टोस्टेरॉन तपासलं, २७० की काहीतरी आलं, आणि इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीचे दहा दिवस उत्साह असायचा, मग पुढच्या डोसापर्यंत चिडचिड आणि मरगळ. तरी एकूण 'बरं वाटतंय' म्हणून चालू ठेवली. त्याच काळात आमचं मुलासाठी चाललं होतं. दिवस राहिनात, तेव्हा सगळ्यांचं बोट माझ्याकडे गेलं. माझ्या सोनोग्राफ्या झाल्या, थायरॉइड झालं, नळ्या तपासायची एचएसजी झाली. ती किती दुखते हे जिची झाली तिलाच माहीत. सासूबाईंनी नवस बोलला. माझ्यात काहीच सापडत नव्हतं, तरी चौदा महिने तपासण्या माझ्याच चालू होत्या. यांची वीर्य तपासणी कुणी सांगितली नाही, आम्हालाही सुचली नाही.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी ती सांगितली त्यांच्या मी जन्मभर ऋणात राहीन. रिपोर्ट आला, शुक्राणू शून्य. कमी नव्हेत, एकही नाही. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'हे कसली इंजेक्शनं घेतात का?' तो कागद हातात घेऊन हे पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते, वर बघत नव्हते.

इंजेक्शन बंद केलं. मग आठवड्यातून तीनदा एचसीजीचं, म्हणजे अंडकोषांना पुन्हा कामाला लावणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन, ते घरीच पोटाच्या कातडीखाली द्यायला मी शिकले. पाचव्या महिन्यात तुरळक शुक्राणू दिसले, नवव्यात मिलिलिटरला १ कोटी १० लाख. अजून दिवस राहिलेले नाहीत. पण आता निदान खरं कारण माहीत आहे, आणि घरात मला कुणी काही बोलत नाही, कारण यांनी स्वतः आईला समोर बसवून सगळं सांगितलं.

पांथस्थ, ज्यांनी थांब म्हटलं त्या तुमच्या बायकोचं ऐका.

अंतःस्रावी, ४ जून, दुपारी ३:०५

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या आजारांचा डॉक्टर आहे, मराठवाड्यात काम करतो. इथून कुणावर उपचार करणार नाही, पण कोणत्या क्रमाने जायचं ते सांगतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे पुरुष इंजेक्शन घेऊन मग येतात.

पांथस्थ, तुमचा २३१ हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्यावर विश्वास ठेवायची वेळ अजून आलेली नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं आणि दुपारी उतरतं, तरुणांमध्ये हा फरक मोठा असतो. जेवणानंतरही ते खाली येतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. ताप, दवाखान्यात भरती, अपुरी झोप, यानेही ते पडतं. २०११ साली एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेवढ्याने दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली. तुमचं रक्त रात्रपाळीनंतर, जेवल्यावर, दुपारी अडीचला घेतलंय.

सीमारेषाही एकच नाही. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट ३०० धरतात. तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१८ मध्ये लठ्ठ नसलेल्या तरुणांसाठी २६४ ही खालची मर्यादा मांडली. म्हणून २९० आलेला माणूस आजारी आणि ३१० आलेला धडधाकट असं होत नाही. लक्षणं हवीत. थकवा कशानेही येतो. मी आधी विचारतो ते सकाळची ताठरता कमी झाली का, इच्छा गेली का, दाढी आणि अंगावरचे केस विरळ झाले का. युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा आणि लैंगिक लक्षणं दोन्ही जुळतात असे त्यात फक्त २.१ टक्के निघाले. पण तुमच्या दाढीचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते मला थकव्यापेक्षा जास्त सांगतं.

आता इंजेक्शन का नको ते. गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. आपल्या शरीरात हे काम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी करते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं की ती एलएच नावाचं हार्मोन सोडून अंडकोषांना कामाला लावते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. बाहेरून इंजेक्शन घेणं म्हणजे टँकरने टाकी भरणं. फ्लोट वर जातो, नळ बंद होतो. रक्तातला आकडा छान दिसतो, पण शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन पुरुषांच्या गर्भनिरोधकाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, यावरून समजा. अबोलीताईंच्या घरी झालं ते नेमकं हेच.

दुसरं नुकसान सहसा कुणी सांगत नाही. इंजेक्शनने एलएच आणि त्याचं जोडीदार हार्मोन एफएसएच, पिट्युटरीचंच, दोन्ही दबतात. मूळ बिघाड अंडकोषांत होता की पिट्युटरीत, हे आम्ही याच दोन आकड्यांवरून ओळखतो. पहिला डोस गेला की पुरावा पुसला जातो.

टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, म्हणजे वरून सांगणं चालू आहे पण अंडकोष थकलेत. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी, म्हणजे दोष वर. आणि इथे एक फसगत नेहमी होते. रिपोर्टवर एलएच 'नॉर्मल' छापून येतं, सगळे निश्चिंत होतात. टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असताना एलएच चढायला हवं होतं. ते चढलं नाही, हाच दोष.

तर पुढच्या आठवड्यात सकाळची पाळी घ्या, चार-पाच रात्री नीट झोपा, मग टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन), एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन), थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, आणि वीर्य तपासणी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, हार्मोनचे आकडे त्याने चुकतात. ॲसिडिटीची कोणती गोळी घेता तेही लिहा. आपल्याकडे पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या गोळ्या लोक महिनोन् महिने खातात, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन पडतं.

पिट्युटरीच्या शेजारूनच डोळ्यांच्या नसा जातात, म्हणून एक विचारतो. गाडी चालवताना बाजूने येणारी वाहनं उशिरा दिसतात का?

पांथस्थ, ४ जून, रात्री १०:५०

डॉक्टर, आभार कसे मानू कळत नाही. बाजूचं दिसायला त्रास नाही. ॲसिडिटीची गोळी डॉम्पेरिडोनवालीच आहे, महिन्यातून तीन-चार वेळा. बायोटिन नाही. सुपरवायझरकडून सकाळची पाळी मागून घेतली, कारण सांगितलं नाही. इंजेक्शन दुकानात परत केलं.

गोदातीर, ५ जून, सकाळी ८:१५

माझं वय ५८, मधुमेह बारा वर्षांचा. माझं सकाळी उपाशीपोटी २६८ आलं होतं, दोनदा. वयाच्या माणसाने हे विचारावं का असा संकोच वाटतो, पण विचारतो. या औषधाने हार्ट अटॅक येतो म्हणतात, ते खरं का?

अंतःस्रावी, ५ जून, दुपारी २:४०

काका, संकोच कसला. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत जवळजवळ एक तृतीयांश लोकांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, २००४ मध्येच हे अमेरिकेत काम करणाऱ्या धिंडसा आणि दंडोना या डॉक्टरांनी दाखवलंय. पोट वाढलं की एसएचबीजी नावाचं वाहक प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, प्रत्यक्ष उपयोगात येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कधीकधी ठीक असतं. ते हिशेबाने काढता येतं. आधी तेवढं करून घ्या.

हृदयाचं म्हणाल तर २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले ५२०० पुरुष. निम्म्यांना अंगाला लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना औषध नसलेलं जेल. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून औषधाच्या गटात ७ टक्के, दुसऱ्यात ७.३. धोका वाढला नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गाठ अडकणं औषधाच्या गटात जास्त दिसलं. हाडं मजबूत होतील अशी अपेक्षा होती, उलट फ्रॅक्चर जास्त झाली. म्हणून ज्याला गरज आहे त्याला भीतीपोटी नाकारू नये आणि ज्याला नाही त्याला टॉनिक म्हणून देऊ नये. सुरू केलं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघत राहावं लागतं, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवतो, रक्त फार दाट होतं. पीएसए, ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, तीही बघायची. प्रोस्टेटचा कर्करोग असेल, किंवा गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर सुरूच करत नाही.

तुम्ही घोरता का, वजन किती?

गोदातीर, ५ जून, दुपारी ४:३०

९४ किलो. घोरण्यामुळे सौ. दुसऱ्या खोलीत झोपतात.

अंतःस्रावी, ५ जून, सायंकाळी ७:२०

मग आधी झोपेची तपासणी करा. झोपेत श्वास अडकत असेल तर उपचार तिथून सुरू होतो. वजन दहा टक्के उतरलं तर टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येताना मी पुष्कळदा पाहिलंय.

दूरदेशी, ६ जून, सकाळी ७:०५

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे वर्षानुवर्षं टीव्हीवर याच्या जाहिराती चालायच्या, पन्नाशीच्या प्रत्येक पुरुषाला वाटावं की आपल्यालाही हेच झालंय. २०१५ मध्ये इथल्या औषध प्रशासनाने कंपन्यांना लेबलवर लिहायला लावलं की केवळ वयाने कमी झालेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी याला मंजुरी नाही.

माझ्या भावाला पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर खरोखर गरज आहे, तो जेल वापरतो. एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. जेल खांद्याला लावल्यावर आधी वाळू द्यावं, मग सदरा घालून झाकून ठेवावं, हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या अंगाला चिकटू देऊ नये. मुलांच्या अंगाला जेल लागून त्यांना अवेळी वयात आल्याची लक्षणं दिसली, म्हणून २००९ मध्ये इथे पाकिटावर ठळक इशारा आला.

निनावी४७, ९ जून, रात्री १:१५

झोप येत नाही म्हणून लिहितो. हा धागा दहा वर्षांपूर्वी वाचला असता तर बरं झालं असतं.

मी उंच, सडपातळ, छाती थोडी मऊ. शाळेत कपडे बदलताना कोपरा शोधायचो. मिसरूड उशिरा आली, दाढी नीट आलीच नाही. घरचे म्हणायचे, आपल्या घराण्यात सगळे असेच. लग्नानंतर तीन वर्षांनी, ३४ व्या वर्षी, एका डॉक्टरांनी पहिल्यांदा मला कॉटवर झोपवून तपासलं. त्याआधी चार डॉक्टर झाले होते, एकानेही पँट उतरवायला सांगितली नव्हती. त्यांच्याकडे ओवलेल्या मण्यांची माळ होती, प्रत्येक मणी अंड्यासारखा, आधीच्यापेक्षा मोठा, त्यावर मिलिलिटरचे आकडे. एका हाताने माझं तपासायचं, दुसऱ्या हाताने माळेतला मणी चाचपायचा. ते ४ वर थांबले. प्रौढ माणसाचा किमान १२ ते १५ च्या पुढे असतो म्हणाले.

गुणसूत्रांची तपासणी झाली. ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त. क्लाइनफेल्टर सिंड्रोम. सहाशे-सातशे मुलग्यांमागे एकाला असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही. माझं टेस्टोस्टेरॉन १६०, एलएच २४. वर डॉक्टरांनी लिहिलंय तसं, वरून सांगणं चालू, अंडकोष थकलेले. हाडांची घनताही कमी निघाली.

मला आता दर तीन महिन्यांनी १००० मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं इंजेक्शन मिळतं, सावकाश द्यावं लागतं, कमरेत दोन दिवस ठणकतं. पण मी माणसात आलो. याच धाग्यात इंजेक्शनाला लोक नको म्हणताहेत, ते बरोबर आहे, पण माझ्यासारख्याला ते नसेल तर हाडं जातात, हे कुणी विसरू नका. सुरू करण्याआधी त्यांनी अंडकोषातून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया करून घ्यायला लावली. साधारण ४० ते ५० टक्के लोकांत सापडतात. माझ्यात सापडले नाहीत. आम्ही गेल्या वर्षी मुलगी दत्तक घेतली.

अबोली, ९ जून, सकाळी ७:३०

निनावी दादा, तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद. चार डॉक्टरांनी तपासलंच नाही हे वाचून पोटात तुटलं. पुरुष लाजतात, आणि डॉक्टरही त्यांची लाज सांभाळत बसतात. त्या लाजेची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

पांथस्थ, १५ जून, रात्री ९:४०

रिपोर्ट आले. सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, पाच रात्री झोपून. टेस्टोस्टेरॉन २०६. एलएच १.४, एफएसएच १.९. रिपोर्टवर दोन्ही 'नॉर्मल'. थायरॉइड, साखर ठीक. शुक्राणू मिलिलिटरला ६० लाख. प्रोलॅक्टिन ४१२, कंसात लिहिलंय १८ पर्यंत.

अंतःस्रावी, १५ जून, रात्री १०:०५

ॲसिडिटीच्या तीन-चार गोळ्यांनी प्रोलॅक्टिन इतकं चढत नाही. उद्याच एंडोक्रायनॉलॉजिस्टना गाठा आणि पिट्युटरीचा एमआरआय करून घ्या. बहुधा प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल. घाबरू नका, ही गाठ जवळजवळ नेहमी साधी असते, कर्करोग नव्हे, आणि मोठी असली तरी पहिला उपचार गोळी आहे.

पांथस्थ, २२ जून, रात्री ११:२०

१४ मिलिमीटर. 'मेंदूत गाठ' हे शब्द कानात घुमताहेत. आईला सांगितलेलं नाही. मी मशीनमध्ये होतो तेव्हा बायको बाहेर बाकावर माझं घड्याळ आणि लग्नातली अंगठी मुठीत धरून बसली होती. बाहेर आलो तर तळहातावर अंगठीचा वळ उठलेला.

डॉक्टरांनी नजरेची तपासणी केली, दोन्ही बाजूंचं पूर्ण दिसतंय. कॅबरगोलिन या प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी, सोमवारी आणि गुरुवारी रात्री जेवणानंतर. मी विचारलं, टेस्टोस्टेरॉनचं काय? ते म्हणाले, प्रोलॅक्टिनमुळे तुमची पिट्युटरी दबली आहे, ते उतरलं की बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन स्वतःहून वर येतं.

चार जूनला सकाळी ते इंजेक्शन घेतलं असतं तर टेस्टोस्टेरॉन ५००-६०० दिसलं असतं, मला बरं वाटलं असतं, आणि गाठ आत वाढत राहिली असती.

अंतःस्रावी, २३ जून, सकाळी ८:३०

गाठ मेंदूच्या आत नाही, मेंदूखालच्या ग्रंथीत आहे. आईंना सांगताना असंच सांगा. सुरुवातीला मळमळ, चक्कर येईल, गोळी घेतल्यावर लगेच उठू नका. आणि बायकोला एक सांगून ठेवा. या औषधाने क्वचित कुणाला जुगाराची, अवास्तव खरेदीची ओढ लागते. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

गोदातीर, १२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

झोपेची तपासणी केली, श्वास अडकतो असं निघालं. रात्री मशीन लावतो. ८५ किलोवर आलो. टेस्टोस्टेरॉन ३५४, औषधाविना. सौ. परत खोलीत झोपायला आल्या.

पांथस्थ, २६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

चार महिने झाले. प्रोलॅक्टिन १९. टेस्टोस्टेरॉन ४३१, सकाळचं, उपाशीपोटी. गाठ १४ ची ८ मिलिमीटर झाली. गेल्या महिन्यापासून रोज दाढी करावी लागतेय, सकाळी आरशासमोर उभा राहिलो की बायको दारातून बघून जाते. वीर्य तपासणी पुढच्या महिन्यात आहे. आईला सगळं सांगितलं.

कंपनीच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोललो, नाव न घेता इथलं वाचून दाखवलं. पुढच्या वर्षीपासून ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी होईल. पण रात्रपाळीच्या पोरांचं काय करायचं, हे त्यांनी मला विचारलं आणि मी तुम्हाला विचारतो.

अंतःस्रावी, २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

रात्रपाळी संपल्यावर निदान आठवडाभर दिवसाची पाळी होऊ द्या, मग सकाळी रक्त घ्या. ज्यांची रात्रपाळी कायमचीच आहे त्यांचं घड्याळ बघू नका, झोप बघा. पूर्ण झोपून उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत, काही न खाता. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर किती वाजता उठले ते लिहायला सांगा.